६०२ कोटी कोटी कोटींचा डझन

तासगाव तालुक्यातल्या एका गावाहून अकरावी सायन्सच्या मुलीचं पत्र आलं आहे. ती लिहिते:

‘मॅडम, मी रोज एसटीने सांगलीला कॉलेजला येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता सगळं इंग्रजीत आहे. केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यात मोल कन्सेप्ट आला आणि मी तिथेच अडकले. सूत्रं पाठ आहेत, पण कुठे गुणायचं आणि कुठे भागायचं ते कळत नाही. मोल म्हणजे नक्की वजन की संख्या? एकदा म्हणतात १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, एकदा म्हणतात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात म्हणजे एक मोल. आणि मोजायचंच होतं तर सरळ एक कोटी का नाही धरले? आजीला विचारलं तर ती म्हणाली, मोल म्हणजे किंमत. चाचणीत पंचवीसपैकी सात मिळाले. आमची द्राक्षबाग आहे. पप्पा म्हणतात, जमत नसेल तर आर्ट्सला बदलून घे. काय करू?’

तुझ्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, बाकीचे प्रश्न त्यातूनच आले आहेत. मोल ही संख्या आहे. वजन नव्हे. डझन बाराचा, कोडी विसाची, कडब्याचा पाचुंदा पाच पेंढ्यांचा, तसा मोल ६.०२२ गुणिले १० च्या २३ व्या घाताचा. डझनाला जसं स्वतःचं वजन नसतं, केळ्यांच्या डझनाला वेगळं आणि लिंबांच्या डझनाला वेगळं असतं, तसंच मोलचंही आहे. एक मोल पाणी १८ ग्रॅम, एक मोल मीठ ५८.५ ग्रॅम, एक मोल साखर ३४२ ग्रॅम. वजनं वेगळी, नग तेवढेच.

आजीचं मोल ‘मूल्य’ या शब्दावरून आलेलं आहे. रसायनातलं मोल जर्मनीतून आलं, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या ढीग किंवा रास अशा अर्थाच्या शब्दात आहे. सांगलीच्या यार्डात हळदीच्या राशी पाहिल्या असशील तर हा अर्थ लक्षात राहील.

आता तू बेदाण्याच्या गावची, म्हणून बेदाण्यावरूनच सांगते. समज, पंधरा किलोच्या बॉक्समध्ये दाणे किती असं कुणी विचारलं, तर एकेक मोजत बसशील का? शंभर दाणे मोजशील आणि काट्यावर ठेवशील. समज, पन्नास ग्रॅम भरले. म्हणजे दाणा अर्ध्या ग्रॅमचा आणि बॉक्समध्ये तीस हजार दाणे. हात लावलास फक्त शंभर दाण्यांना, पण वजनावरून तीस हजारांची मोजदाद झाली. हार्डवेअरच्या दुकानात खिळे किलोवर मिळतात ते याच कारणाने. रसायनशास्त्रज्ञ रोज हेच करतो. त्याला हवे असतात नग, आणि हातात असतो काटा.

त्याला नग कशाला हवे असतात हे मात्र शिकवताना घाईत निसटून जातं. सायकल जुळवायची तर एका सांगाड्याला दोन चाकं लागतात. पाच किलो सांगाडे आणि पाच किलो चाकं आणून दिली, तर किती सायकली होतील हे कुणी सांगू शकणार नाही. आधी नग काढावे लागतील. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. समीकरणातले ते दोन, एक, दोन हे नग आहेत, ग्रॅम नव्हेत. अणूला वजन कळत नाही, त्याला जोडीदार कळतो.

आता थोडं सावकाश वाच. कार्बनचा अणू हायड्रोजनच्या अणूच्या जवळजवळ बारापट जड असतो. शेतातला दाखला घ्यायचा तर समज, हरभऱ्याचा दाणा ज्वारीच्या दाण्याच्या बरोबर बारापट जड आहे (खरा तसा नसेल, पण क्षणभर धर). मग एक किलो ज्वारी आणि बारा किलो हरभरा शेजारी ठेवले, तर दोन्हीकडे दाणे सारखेच असणार. किती आहेत ते तुला माहीत नाही, मलाही नाही. पण सारखे आहेत हे डोळे मिटून सांगता येईल. किलोच्या जागी ग्रॅम घे, छटाक घे, सारखेपणा तुटत नाही. म्हणून एक ग्रॅम हायड्रोजनमध्ये जितके अणू, तितकेच बारा ग्रॅम कार्बनमध्ये, तितकेच सोळा ग्रॅम ऑक्सिजनमध्ये, तितकेच बत्तीस ग्रॅम गंधकात. तक्त्यात प्रत्येक मूलद्रव्याखाली जे अणुवस्तुमान लिहिलेलं असतं, तेवढे ग्रॅम घेतले की प्रत्येक वेळी सारखे नग हाती येतात. त्या सारख्या नगांना नाव दिलं मोल.

म्हणजे ती ‘वेडीवाकडी’ संख्या कुणी बसून निवडलेली नाही. माणसांनी ग्रॅम निवडला होता, आणि ग्रॅमबरोबर ती आपोआप पदरात पडली. रसायनशास्त्र सोनाराच्या पेढीवर जन्मलं असतं आणि बारा ग्रॅमऐवजी बारा तोळे कार्बन प्रमाण धरला असता, तर तोळा ११.६६ ग्रॅमचा असल्यामुळे आज तू ७.०२ गुणिले १० चा २४ वा घात पाठ करत असतीस. गणितं सगळी तशीच सुटली असती. आणि एक कोटी धरले असते, तर एक कोटी रेणू पाणी कुठल्याच काट्यावर दिसलं नसतं. काट्यावर मावेल आणि हातात धरता येईल असा डझन हवा होता.

वजन की संख्या हा तुझा प्रश्न मला फार आवडला. सात मार्क मिळालेल्या मुलीने तो विचारला म्हणून तो साधा ठरत नाही, कारण विज्ञानालाच त्याचं उत्तर द्यायला शंभराहून जास्त वर्षं लागली. इटलीत तुरीनच्या अमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये मांडलं की सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाला, सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूत रेणूंची संख्या सारखी असते. सारखी एवढंच, किती हे त्यांना माहीत नव्हतं. १८५६ मध्ये ते गेले, तोवर त्यांच्या म्हणण्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूह इथे रसायनशास्त्रज्ञांची मोठी परिषद भरली. तिथे त्यांचेच देशबांधव स्टानिस्लाओ कॅनिझारो यांनी तो विचार पुन्हा ठामपणे पुढे आणला आणि अणुवस्तुमानांचा घोळ निस्तरायला लागला. १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांनी हवेच्या रेणूचा आकार किती असावा याचा हिशेब मांडला, आणि नगांचा अंदाज पहिल्यांदा हाती आला.

‘मोल’ हा शब्द रूढ केला जर्मनीच्या विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यांचं मोल म्हणजे रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम, सरळ वजन. आणि गंमत बघ, त्या काळात ऑस्टवाल्ड यांचा अणूंच्या अस्तित्वावरच विश्वास नव्हता! मग नग कशाचे मोजणार? पुढे फ्रान्सच्या जाँ पेरँ यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल बारकाईने मोजून ही संख्या काढली, १९०९ मध्ये तिला अ‍ॅव्होगॅड्रो यांचं नाव दिलं, आणि १९२६ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑस्टवाल्ड यांनीही अखेर अणू मान्य केले.

तरी व्याख्येतून वजन जायला तयार नव्हतं. १९७१ मध्ये मोलला आंतरराष्ट्रीय एककांत मूलभूत एककाचं स्थान मिळालं तेव्हा व्याख्या अशी होती: १२ ग्रॅम कार्बन-१२ (कार्बनचा एक ठरावीक प्रकार) मध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे एक मोल. म्हणजे नग मोजायचे, पण काट्याला विचारून. २० मे २०१९ पासून हे बदललं. आता मोल म्हणजे बरोबर ६०२२१४०७६ आणि त्यापुढे १५ शून्यं, इतके कण. ग्रॅमचा उल्लेखच नाही. वजन म्हणून जन्मलेला शब्द संख्या व्हायला एवढा काळ गेला, आणि तुझ्या डोक्यात ही दोन्ही रूपं एकाच आठवड्यात शिरली. गोंधळ झाला नसता तरच नवल.

ती संख्या केवढी हे मात्र एकदा मनात उतरव. आपल्या आजी-आजोबांची उतरंड एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत जाते. परार्ध म्हणजे एकावर १७ शून्यं. मोलसाठी तेही कमी पडतात, साठ लाख परार्ध लागतात. बोलीत म्हणायचं तर ६०२ कोटी कोटी कोटी. शेजारच्या साताऱ्यातलं कोयना धरण घे. त्याची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २९८ कोटी घनमीटर पाणी. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले, तर एक मोल थेंब साठवायला कोयनेएवढी जवळपास एक कोटी धरणं लागतील. मी हा हिशेब दोनदा करून पाहिला, कारण पहिल्यांदा माझाही विश्वास बसेना. आणि पाण्याचे तेवढेच रेणू १८ मिलिलिटर पाण्यात असतात, औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या पाच मिलिलिटरच्या चमच्याने सुमारे साडेतीन चमचे. रेणू किती बारीक असतो हे मला पुस्तकातल्या दशांश चिन्हांपुढच्या शून्यांवरून कधी कळलं नव्हतं, या हिशेबाने कळलं.

आता गुणायचं की भागायचं. साडेतीन डझन केळी म्हणजे किती? ४२. साठ केळी म्हणजे किती डझन? पाच. एका डझनाचं वजन १.२ किलो असेल, तर सहा किलो केळी म्हणजे किती डझन? पुन्हा पाच. तिन्ही उत्तरं देताना गुणू की भागू असा प्रश्न तुला पडला नाही, कारण केळी तुला दिसत होती. धड्यातली बहुतेक गणितं या तिघांतच बसतात. डझनाच्या जागी मोल ठेव आणि १.२ किलोच्या जागी मोलर मास. दहावीपर्यंत तू ज्याला रेणुवस्तुमान म्हणत होतीस, तेच ग्रॅममध्ये घेतलं की मोलर मास. तुझी निम्मी अडचण या नव्या इंग्रजी नावांची आहे असं मला पत्र वाचताना जाणवलं. वहीच्या मागच्या पानावर जुनं मराठी नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी लिहून ठेव, त्यात कमीपणा काही नाही.

४५ ग्रॅम पाणी घे. एक मोल १८ ग्रॅमचा, म्हणजे हे अडीच मोल. रेणू किती? अडीच मोल रेणू, म्हणजे सुमारे १.५ गुणिले १० चा २४ वा घात. अणू किती? प्रत्येक रेणूत तीन, म्हणून साडेसात मोल अणू. समज, घाईत गुणाकार केलास आणि ८१० मोल आले. लगेच थांब. ८१० मोल पाणी म्हणजे साडेचौदा लिटर, जवळजवळ बादलीभर. आपण तर वाटीच्या तळाशी राहील एवढं पाणी घेतलं होतं. उत्तर खरं वाटतं का, हे आकड्याला नव्हे तर पाण्याला विचारायची सवय लागली की गुणाकार-भागाकाराची चूक आपोआप पकडली जाते.

दोन ठिकाणी हुशार मुलंही घसरतात, तेवढं सांगते. एक मोल ऑक्सिजन म्हटलं की अणूंचा की रेणूंचा हे आधी विचार. एक डझन चपला म्हटलं तर बारा नग की बारा जोड? रेणूंचा मोल ३२ ग्रॅम, अणूंचा १६. दुसरं, मोल ‘जुळवायला’ जाऊ नकोस. चार ग्रॅम हायड्रोजन आणि बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन मिळून छत्तीस ग्रॅम पाणी होतं, वजन जुळतं. पण मोल बघ: दोन आणि एक मिळून दोनच. चाकं दोन, सांगाडा एक, सायकल एक. नग तीनचा एक झाला, वजन काही कुठे गेलं नाही. २२.४ लिटरचं सूत्र फक्त वायूंसाठी, तेही शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला. (दाब एक बार धरला तर २२.७.) पाण्याला किंवा मिठाला ते लावायचं नाही.

तुझ्या घरी मोलचं सगळ्यात चांगलं उदाहरण पडलेलं आहे, आणि पप्पांना ते तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. डाऊनी या बुरशीरोगासाठी बागेत बोर्डो मिश्रण फवारतात ना? एक टक्का बोर्डोची रूढ कृती म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदाचा मोलर मास २४९.७ ग्रॅम, म्हणजे पाव किलो मोरचूद म्हणजे जवळजवळ बरोबर एक मोल! एका किलोत चार मोल. त्या निळ्या खड्यात तांब्याच्या सल्फेटच्या प्रत्येक नगाबरोबर पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात. पाच गुणिले १८, नव्वद ग्रॅम. म्हणजे पाव किलो कोरड्या दिसणाऱ्या मोरचुदात नव्वद ग्रॅम पाणीच असतं. ते तापवून घालवलं की निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते.

आता चुना. विरवलेल्या शुद्ध चुन्याचा मोलर मास ७४, म्हणजे एका किलोत साडेतेरा मोल. काट्यावर दोन्हीकडे किलो किलो, पण नग चार विरुद्ध साडेतेरा. तांब्याचं हायड्रॉक्साइड व्हायला नगाला नग एवढाच चुना लागतो असं धरलं, तर चार मोल, म्हणजे सुमारे तीनशे ग्रॅम पुरायला हवा. मग कृतीत किलो का? बाजारातला चुना शुद्ध नसतो. जुना झाला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यातला बराचसा निकामी होतो. शिवाय तांबं मोकळं राहिलं तर पानं भाजतात, म्हणून चुना थोडा जास्तच हवा. म्हणूनच मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी किंवा खिळा बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. तो थर म्हणजे लोखंडाच्या एका अणूने जागा सोडली आणि तांब्याचा एक अणू येऊन बसला: ५६ ग्रॅम लोखंडाच्या बदल्यात ६३.५ ग्रॅम तांबं. सुरी मोल मोजत असते, आणि तुझे पप्पा ते सुरीवर वाचतात.

एक मात्र निक्षून सांगते. हा हिशेब वहीत कर, टाकीत नको. माझ्या तीनशे ग्रॅमवर जाऊन पप्पांचं प्रमाण बदलू नकोस. ते त्यांच्या चुन्याच्या दर्जावर आणि कृषी सल्ल्यावरच ठरतं. आणि मोरचूद विषारी आहे, त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही.

आर्ट्सचं म्हणशील, तर इतिहास किंवा भाषा मनापासून आवडत असेल तर जरूर जा, मी स्वतः पप्पांना पत्र लिहीन. पण एका चाचणीतल्या सात मार्कांवरून जाऊ नकोस. ज्या मुलीने ‘वजन की संख्या’ हा प्रश्न नेमका विचारला, ती विषयाच्या दारापर्यंत पोचलेली आहे. दोन आठवडे दे. सूत्रांचं पान बंद कर आणि रोज पाच गणितं आधी केळ्यांच्या भाषेत मांडून मग सोडव. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं पुन्हा कर, उत्तर झाकून. अडलेलं गणित घेऊन तुमच्या सरांकडे जा, आणि ‘मला मोल कळत नाही’ असं न म्हणता ‘या ओळीत १८ने का भागलं’ असं विचार. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

आणि येत्या रविवारी घरच्या काट्यावर तीन वाट्या भर: १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर. काटा अर्धा ग्रॅम दाखवत नसेल तर मीठ ५८ किंवा ५९ चालेल. पाण्याची वाटी तळालाच राहील, साखरेला मोठी वाटी लागेल. मग आजीला बोलाव आणि विचार, सगळ्यात जास्त नग कोणत्या वाटीत. ती काय म्हणाली ते मला कळव.